उरलंसुरलं आणि धुणंपाणी

माझी नोकरी बँकेत झाली. त्यामुळे घरात काय वाचलं यापेक्षा ते वाचवण्यात काय खर्ची पडलं, हे मला आधी दिसतं. काटकसरीच्या युक्त्या सांगणारे बहुतेक जण जमेची बाजू तेवढी वाचून दाखवतात. नावेच्या बाजूला गॅस असतो, वीज असते, पाणी असतं आणि घरातल्या कुणाचे तरी हात असतात, बहुधा बाईचे. खाली लिहिलेलं सगळं पुण्यातल्या आमच्या पाच माणसांच्या घरात दोन्ही बाजू मांडून टिकलेलं आहे. काही सासूबाईंचं, काही आईचं, काही धुण्याला येणाऱ्या मावशींचं. माझं म्हणाल तर बेरीज-वजाबाकी.

१. मटार जानेवारीत घ्यावा, पण सोलणारे आधी ठरवावेत

थंडी पडली की मंडईत मध्य प्रदेशाकडचा, उत्तरेकडचा मटार उतरतो आणि संक्रांतीच्या आगेमागे भाव तळाला जातो. तेव्हा वर्षाचा मटार भरून ठेवावा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण भाव शेंगांचा पाहून चालत नाही. किलोभर शेंगांतून दाणे निघतात चारशे ते साडेचारशे ग्रॅम. शेंगा पोचट असतील तर त्याहून कमी. म्हणजे शेंग ४० रुपये किलो असेल तेव्हा दाणा ९० ते १०० रुपये किलो पडतो. दुकानातल्या गोठवलेल्या मटारच्या पाकिटाचा किलोचा भाव काढावा आणि मगच पिशवी पुढे करावी. शेंगेचा भाव चढला की पाकीट स्वस्त पडतं आणि ते घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

मग प्रश्न सोलण्याचा. पाच किलो शेंगा एकटीने सोलायच्या तर अख्खी दुपार जाते, आणि त्या दुपारची किंमत कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते. आमच्याकडे मटार रविवारी येतो, तोही क्रिकेटची मॅच असेल त्याच रविवारी. ह्यांच्यापुढे एक परात, मुलापुढे दुसरी. विकेट पडली की हात थांबतात, पण षटकाषटकाला परात भरत जाते.

दाणे तसेच फ्रीजरमध्ये टाकले तर काही आठवड्यांत रंग उतरतो आणि गवताळ वास येऊ लागतो. कारण गारठ्याने दाण्यातली एंझाइम मंदावतात, संपत नाहीत. म्हणून आधी उकळत्या पाण्यात टाकावेत, पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून दीड-दोन मिनिटं मोजावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत. उकळण्याने एंझाइमचं काम थांबतं, बर्फाने दाण्याचं शिजणं थांबतं. नंतर जुन्या पंचावर पसरून अगदी कोरडे करावेत. ताटात एका थरात मांडून ते ताट फ्रीजरमध्ये ठेवावं आणि दाणे कडक झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढावी. असे केलेले दाणे सुटे राहतात, मूठभर हवे असतील तर मूठभरच निघतात. उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घालावी, असं सासूबाईंचं म्हणणं. मी घालते. तिचा उपयोग होतो की नाही यावर वाद घालण्याइतकी ती साखर नसते.

२. पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी

गोठल्यावर आटवलेला आमरस, लाल भोपळ्याचा गर आणि पुरण यांच्यात ओळखू येण्यासारखा फरक राहत नाही. चिंचेचा कोळ आणि कोकमाचा आगळही तसेच. कागदी चिकटपट्टी आणि बॉलपेन फ्रीजच्या वरच ठेवावं; ड्रॉवरमध्ये ठेवलं की कुणी काढत नाही. एवढंच.

३. कोणता जिन्नस गारठा सोसतो, ते पाण्यावर ठरतं

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. भाजीच्या पेशीत पाणी असतं, ते फुगलं की पेशीच्या भिंती फाटतात. काकडी, कोबी, कच्चा कांदा, पालेभाजीची कोशिंबीर हे सगळं सुटल्यावर लिबलिबीत होतं ते त्यामुळे. उकडलेला बटाटा रवाळ आणि भुसभुशीत होतो. म्हणून रस्साभाजी गोठवायची असेल तर तिच्यातून बटाट्याच्या फोडी काढून घ्याव्यात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो. दही फुटतं. पण जे शेवटी वाटायचंच आहे, शिजवून गाळायचंच आहे, त्याच्या भिंती फाटल्या म्हणून काय बिघडलं?

टोमॅटो याच हिशेबात बसतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरावर गेला, काही ठिकाणी दोनशेपर्यंत. आणि इतर वेळी नारायणगावच्या बाजारात शेतकऱ्याला वाहतूकही सुटू नये असे भाव येतात, माल रस्त्याकडेला ओतल्याचे फोटो छापून येतात. दर पडलेले असताना पिकलेले, घट्ट टोमॅटो धुऊन, पुसून, अख्खेच पिशवीत भरून गोठवावेत. काढल्यावर नळाखाली धरले की साल बोटाने सरकते. आमटी, सार, पावभाजी यांना चालतात. कोशिंबिरीला अर्थातच नाही.

नारळ हा सासूबाईंचा प्रांत. त्यांचं माहेर संगमेश्वरकडचं. त्यांच्या मते पुण्यातले लोक नारळ जपून वापरतात आणि मग भाजीला चव नाही म्हणून हळहळतात. श्रावण लागला की नारळीपौर्णिमा, पाठोपाठ गणपती. नारळाचा भाव चढतो. त्याआधीच चांगले भरलेले, पाणी वाजणारे नारळ आणून, फोडून, खवून ठेवायचे. खवलेलं खोबरं पिशवीत पातळ, चपटं पसरावं, भाकरीएवढ्या जाडीचं. हवं तेवढं मोडून घेता येतं, आणि चपटं असल्याने गोठतंही लवकर. लवकर गोठण्याला महत्त्व आहे: हळूहळू गोठणाऱ्या जिनसात बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जास्त नासधूस करतात, झटपट गोठणाऱ्यात ते बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्झाय नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१२ नंतरच्या काही वर्षांत कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये तिथल्या इनुइट लोकांना हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात मासे क्षणात गोठवताना पाहिलं आणि त्यावर पुढे मोठा धंदा उभा केला. आमच्या स्वयंपाकघरात तसला वारा नाही, म्हणून पिशवी चपटी करायची.

हापूसचा रस मात्र मी आता साठवण्याइतका आणत नाही. हंगामाच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर आंबा उतरतो तेव्हा एकदाच आणते. साखर घालून मंद आचेवर आटवते आणि डब्यात भरते. आटवण्यात पाणी जातं, गोडी वाढते, मग तो फ्रीजरमध्ये दगडासारखा कडकही होत नाही, चमच्याने निघतो. तासभर ढवळत उभं राहावं लागतं. ही काटकसर नव्हे, चैन आहे. पण गणपतीत आंब्याची बर्फी करता येते, म्हणून ती खात्यावर घालायला माझी हरकत नाही.

४. फ्रीजरमध्ये गेलं म्हणजे वाचलं असं नव्हे

ते बाहेर येऊन ताटात पडलं तरच वाचलं. तोवर ती नुसती ठेव, तीही विजेचं भाडं भरून ठेवलेली. ठेवीची मुदत संपली की बर्फाचं पाणी थेट वाफ होऊन उडत राहतं, जिन्नस कडेने पांढुरका, कोरडा पडतो. खाल्ल्याने अपाय नाही, पण खावासाही वाटत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, पाडव्याच्या आधी आणि पाऊस सुरू होताना, आमच्याकडे बाजारातून भाजी जवळजवळ येत नाही. फ्रीजरमधलं जुनं सगळं संपवायचं. त्या दिवसांत ताटात काय येईल सांगता येत नाही. एकदा मोदकाच्या उरलेल्या सारणाच्या पोळ्या आणि टोमॅटोचं सार असं जेवण झालं, आणि कुणीही काही बोललं नाही.

त्याच वेळी जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फही उतरवावा. बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की गारवा आत पोचायला अडथळा होतो आणि यंत्र जास्त वेळ चालतं. तो सुरीने खरवडू नये, नळीला भोक पडतं. फ्रीज बंद करून गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं की थर आपोआप सुटतो.

गारठ्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. उणे १८ अंशांवर त्यांची वाढ थांबते. बाहेर काढल्यावर ते उठून कामाला लागतात. त्यामुळे जे आधीच आंबूस झालंय ते गोठवून नवं होत नाही. बाहेरगावी गेल्यावर मागे वीज किती वेळ गेली होती हे कळायला एक सोपी खूण आहे: वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर चिंता नाही. तळाशी जाऊन गोठलं असेल तर मधे सगळं वितळलं होतं. मासे, मटण, दुधाचे पदार्थ मुकाट्याने टाकावेत.

रव्याला मात्र फ्रीजर औषध आहे. नवा रवा, मैदा, बेसन घट्ट डब्यात भरून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की कीड आणि तिची अंडी दोन्ही मरतात. मग डबा बाहेर काढून, खोलीच्या उष्णतेवर आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव धरतं. रवा भाजून ठेवण्याची जुनी रीत तितकीच चांगली; पण भाजायला गॅस आणि उभं राहणं लागतं, फ्रीजर तर चालूच असतो.

५. भाताच्या बाबतीत धाडस करू नये

शिळ्या भाताचा फोडणीचा भात कुणाला आवडत नाही? पण रात्रीचा भात पातेल्यात तसाच ओट्यावर राहू द्यायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही सवय थंडीच्या दिवसांत खपून जाते, एप्रिल-मेमध्ये नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात, ती शिजवण्यातून वाचतात. भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणी कितीही चरचरीत दिली तरी नाही.

म्हणून जेवणं आटोपली की उरलेला भात परातीत पसरावा, वाफ गेली की डब्यात भरून तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. ओट्यावर रात्र काढलेला भात टाकताना हात अडखळतो, हे खरं. वाटीभर तांदळाची किंमत एका बाजूला आणि डॉक्टरची फी दुसऱ्या बाजूला लिहून पाहिली की हात सुटतो.

६. उरलेलं सावरण्यापेक्षा आधी विचारणं स्वस्त

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यात साली, बिया, हाडंही धरली आहेत, हे लक्षात घेऊनसुद्धा आकडा बोचतो. आमच्या घरात त्यावरचा उपाय फार जुना आहे. सकाळी चहाच्या वेळी सासूबाई प्रत्येकाला विचारतात, "संध्याकाळी घरी आहेस ना जेवायला?" मोघम उत्तर चालत नाही. "बघू" म्हणणाऱ्याच्या नावे पोळ्या होत नाहीत. तो आला तर त्याच्यासाठी पोहे. फ्रीजने आणि फ्रीजरने मिळून जेवढं वाचवलं नसेल तेवढं या एका प्रश्नाने वाचवलं, असं माझं मत आहे.

तरी पोळ्या उरतातच. शिळ्या पोळीचा कुस्करा ताज्या पोळीचा होत नाही. पोळीतला ओलावा गेलेला असला की ती हाताने मोकळी चुरली जाते आणि फोडणीत चिकट होत नाही. भरपूर कांदा, शेंगदाणे, कढीलिंब, वरून लिंबू. गूळ-तुपातला लाडू ही दुसरी सोय, मुलांच्या डब्याची. फक्त यात एक गोम आहे. कुस्करा इतका आवडीचा झाला की तो खाता यावा म्हणून आदल्या रात्री पाच-सहा पोळ्या जास्त केल्या जाऊ लागल्या. त्यावर पडणारं तेल, दाणे, कांदा धरला तर ती न्याहारी पोह्यांपेक्षा महाग पडते. हा खर्च मी मंजूर केला आहे, पण त्याला काटकसर म्हणू नये.

उरलेल्या वरणात मात्र वाद नाही. जरा पातळ करून, आमसूल-गूळ घालून उकळी आणायची आणि त्यात कणकेच्या चकोल्या सोडायच्या. एक पातेलं, एक जेवण, बाकी काही करायचं नाही.

७. सालींपैकी कोणत्या ठेवायच्या

दोडक्याच्या शिरा काढल्यावर त्या टाकून देणाऱ्या घरात मी फार काळ थांबत नाही. तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून तव्यावर कुरकुरीत परतलेली शिरांची चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा कितीतरी सरस. दुधीच्या सालीचीही होते. कोथिंबिरीची कोवळी देठं वाटणात, फ्लॉवरचा दांडा बारीक चिरून रश्शात, मुळ्याचा पाला डाळ घालून, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालिपिठात, फणसाच्या आठळ्या उकडून भाजीत. यांतलं काहीही करायला वेगळा वेळ किंवा वेगळा गॅस जवळजवळ लागत नाही, म्हणून ते टिकलं. बटाट्याच्या सालींचे तळून केलेले काप टिकले नाहीत. फुकटच्या सालींना वाटीभर तेल पाजायचं, हे मला पटलं नाही.

आई यातल्या कशालाच काटकसर म्हणत नाही. ती बीड जिल्ह्यातली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलोची भाकरी तिने खाल्ली आहे. मिलोचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करते. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या ओट्यातून घरी आलेली सुकडी ती आजही हातवारे करून सांगते. तिच्यासमोर पानात कुणी काही टाकलं तर ती बोलत नाही, नुसती बघते. माझ्या मुलांना त्या बघण्याची धास्ती आहे. चटण्यांच्या कृती कुठूनही मिळतात. ते बघणं मिळत नाही.

८. घरचं तूप फुकट नसतं

सायीचं तूप काढणाऱ्या प्रत्येक घरात "आम्ही तूप विकत आणतच नाही" असं अभिमानाने सांगितलं जातं. सांगावं, पण ते तूप आलं कुठून? पिशवीवर फुल क्रीम लिहिलेल्या दुधात निदान सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साठेक ग्रॅम. टोन्ड दुधात तीन टक्के. जास्त स्निग्धांशाचे जास्त पैसे आपण आधीच मोजलेले असतात. त्यातली साय काढली की घरातली माणसं पितात ते दूध पातळ झालेलं असतं. एकच माल दोन वेळा जमा धरता येत नाही.

तरी मी तूप काढते, कारण ताक मिळतं, कढी होते, आणि तूप कढवून खाली उरलेली बेरी साखर घालून खाण्यावर माझा पहिला हक्क असतो. साय रोजच्या रोज फ्रीजरमधल्या डब्यात साठवली तर कडू होत नाही. भरपूर जमली की सुटू द्यायची, कोमट असताना विरजण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी घुसळायचं. घुसळताना थंड पाणी घातलं की लोणी नीट एकत्र येतं. होमोजिनाइज केलेल्या दुधावर साय धरत नाही, कारण त्यातले स्निग्ध कण मुद्दाम बारीक फोडलेले असतात. त्या दुधाला दोष देत बसू नये.

९. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

आमच्या पिढीचं धुण्याचं शिक्षण जाहिरातींनी केलं. सर्फ भारतात आला १९५९ मध्ये. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि स्वस्त पिवळी पावडर घराघरांत गेली. त्यावर उत्तर म्हणून ऐंशीच्या दशकात सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आल्या. ती भूमिका कविता चौधरींची, त्याच पुढे 'उडान' मालिकेतल्या. मंडईत घासाघीस करणारी ही बाई पावडर मात्र महाग घ्यायची आणि त्याचं कारणही द्यायची. जाहिरात बाजूला ठेवली तरी तिचा मुद्दा बँकेत चालण्यासारखा होता: किलोचा भाव आणि एका धुण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण दोन्ही पक्षांनी आम्हाला फेसाची गोडी लावली, ती अजून सुटलेली नाही. पावडर जास्त घातली की फेस जास्त होतो, मळ जास्त निघत नाही. उलट पावडर कपड्यात अडकून बसते. याची परीक्षा घरात करता येते. धुऊन वाळलेला, कडक झालेला टॉवेल नुसत्या पाण्यात, पावडर न घालता यंत्रात फिरवावा. काचेतून फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा. आमच्या टॉवेलने भरपूर फेस दाखवला, तेव्हापासून पावडरीचं माप निम्म्यावर आलं आणि कुणाच्याही कॉलरीला त्याचा पत्ता लागला नाही.

पाणी जड असेल तर हिशेब बदलतो. धरणाचं पाणी मऊ असतं; उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले किंवा बोअर जोडली की त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार येतात. साबण त्यांच्याशी भांडण्यातच संपतो, डाळही लवकर शिजत नाही. अशा वेळी पावडर वाढवण्याऐवजी चमचाभर धुण्याचा सोडा घालावा, तो स्वस्तात पाणी मऊ करतो. सुती आणि पांढऱ्या कपड्यांनाच. रेशमी, लोकरीला नाही. त्यांना रिठ्याचं पाणी. आणि सोड्यात व्हिनेगर ओतण्याची जी युक्ती हल्ली सगळीकडे फिरते, तिच्यात दोघं एकमेकांना निकामी करतात. बुडबुडे तेवढे छान दिसतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड तर चुकूनही जाऊ देऊ नये, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. हे मावशींना सांगावं, घरातल्या पुरुषांना तर दोनदा सांगावं.

१०. गरम पाणी महाग, ऊन फुकट

धुण्याच्या यंत्राची वीज फिरण्यात फारशी जात नाही, पाणी तापवण्यात जाते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. हे शाळेतल्या उष्णतेच्या गणिताने कुणालाही काढता येईल. घरात कुणी आजारी असेल, लहान बाळाची लंगोटं असतील, तेव्हा ते जरूर खर्च करावं. एरवी पुण्याच्या नळाचं पाणी पुरेसं आहे.

पावसाळ्यात दोरीवर कुबटलेल्या कपड्यांना सगळे वैतागतात. तो वास ओल्या धाग्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा. तेव्हा उपाय एकच, कपडा लवकर वाळवणं. यंत्रात पिळण्याची फेरी आणखी एकदा लावावी, तिला वीज फार थोडी लागते. कपडे दोरीवर एक सोडून एक टाकावेत आणि खाली पंखा सोडावा. जाड पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून. अत्तर आणि सुगंधी पाणी विकत आणून कुबट वासावर शिंपडणं म्हणजे दोन वास विकत घेणं.

११. हळदीच्या डागाला घासू नये

पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली की पहिला हात साबणाकडे जातो आणि पिवळा डाग लालभडक होतो. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, साबण अल्कलीच. साबण धुऊन गेला की ते पुन्हा पिवळं होतं. मग ओला शर्ट कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन दुपारींत उडतो. मी हे नव्या कपड्यांवर पाहिलेलं आहे, त्यासाठी डाग काढायची बाटली कधी आणावी लागली नाही. रक्त, दूध, अंडं यांना थंडच पाणी. गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. तेलाला लगेच भाकरीचं पीठ दाबावं. लोखंडाच्या गंजाला मीठ-लिंबू. आंब्याच्या चिकाला कशाचाच उपाय नाही.

१२. बोहारणीपुढे कपड्याची खरी किंमत कळते

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणी आता कमी झाल्या, आमच्या पेठेत अजून एक येते. डोक्यावर स्टीलची पाटी, खांद्यावर गाठोडं. ती प्रत्येक कपडा उजेडापुढे धरते, शिवणीत बोट घालते, गुडघ्याचा भाग ताणून बघते. कॉटनच्या साडीला ती फारसा भाव देत नाही. पँट, जीन्स, टिकाऊ सिंथेटिक साडी हे तिचं चलन. "ताई, या दोन पँटीत डबा नाही बसत, अजून एक शर्ट टाका." मी शर्ट टाकत नाही, झाकण मागते. तासभर चालतं. सासूबाई आतून ओरडतात, "अगं, त्यापेक्षा विकत आण तो डबा!" आणि मग स्वतःच बाहेर येऊन आणखी अर्धा तास घालवतात.

जरीच्या जुन्या साड्या मात्र बोहारणीला देऊ नयेत. जर चांदीची असेल तर ती वजनावर घेणारे वेगळे असतात. आणि बोहारणीने परत केलेलं जे उरतं, त्याची घरातच वाटणी होते. बटणं आणि चेन आधी कापून डब्यात. मऊ सुती साड्यांची गोधडी, आईकडे पाठवते, ती टाके घालते आणि वर चार पाच नवे रंग जोडून परत करते. बनियन धूळ पुसायला, ते धागे सोडत नाहीत. टॉवेल चौकोनी कापून ओट्याला. राहिलेल्याचा पोछा, आणि तो मावशींना विचारूनच करायचा. जाड सिंथेटिक कापडाचा पोछा पाणी पीत नाही, नुसतं पुढे ढकलतो. तो वापरायचा त्यांना असतो, वाचवल्याचं समाधान मला, हे त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं आहे.